न सोडलेले नट : जुन्या गाडीच्या ब्रेक पाइपचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. ब्रेक ऑइलची पातळी महिन्याभरात खालच्या खुणेवर येते. गाडी २२ वर्षांची छोटी हॅचबॅक, पुढच्या चाकांना डिस्क, मागच्यांना ड्रम, एबीएस नाही. मालक माझ्या ओळखीतले काका, सगळी नोकरी हिशेबात गेलेली. दोनदा त्यांनी वरून ऑइल भरून पाहिलं आणि तिसऱ्यांदा भरायच्या ऐवजी मला बोलावलं. तिथेच अर्धी लढाई जिंकली, कारण बरेच जण वर्षभर नुसतं भरत राहतात. ब्रेकचं ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पॅड-लायनर झिजतात तशी पातळी थोडी उतरते, पण ती सावकाश. झपाट्याने उतरली तर ते कुठेतरी बाहेर पडतंय एवढाच अर्थ.

शोधायला वेळ लागला नाही. मागच्या डाव्या टायरची आतली बाजू ओलसर होती. ड्रम काढला आणि ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड बोटाने उचलली तर आतून काळपट ऑइल ओघळलं. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे दोन्ही शू, त्यांच्यावरच्या लायनरसकट, भिजून चिंब. सिलिंडरमध्ये गंजाचे खड्डे पडले होते, म्हणजे नुसतं रबर बदलून भागणार नव्हतं. सिलिंडर नवा आणि मागच्या दोन्ही चाकांचे शू नवे असा बेत ठरला. ऑइल प्यायलेले लायनर धुऊन, भाजून पुन्हा वापरणारे लोक मी पाहिलेत. मी ते करत नाही. आणि शू एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेक मारल्यावर एका अंगाला ओढते, म्हणून जोडीनेच.

आता पाइपचा नकाशा सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पुढच्या मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडल दाबला की ऑइल पाइपमध्ये ढकलणाऱ्या सिलिंडरपासून, एक लांब लोखंडी पाइप गाडीच्या पोटाखालून, पेट्रोलच्या टाकीच्या वरून मागे येतो. तो बॉडीला ठोकलेल्या एका पट्टीपाशी संपतो. तिथून रबरी होज सुरू होतो, कारण मागचा अॅक्सल वरखाली हलतो आणि लोखंडी पाइपला ती हालचाल झेपत नाही. होजचं दुसरं टोक अॅक्सलवरच्या पट्टीत. तिथून हातभर लांबीचा छोटा लोखंडी पाइप ड्रमच्या मागे जाऊन व्हील सिलिंडरमध्ये शिरतो. म्हणजे जोड तीन. पहिला सिलिंडर आणि छोटा पाइप यांचा, दुसरा छोटा पाइप आणि होजचा, तिसरा होज आणि टाकीवरून आलेल्या लांब पाइपचा.

सिलिंडर बदलायचा तर फक्त पहिला जोड सोडायचा. दोन बोल्ट, एक नट. काकांना मी सांगितलं, "तासाभरात होईल."

पहिली संध्याकाळ

नट १० मिलिमीटरचा, बाहेरून १० बाय १ चे आटे, पाइप ४.७५ मिलिमीटर जाडीचा. या वयाच्या पुष्कळ गाड्यांत हेच माप सापडतं. नटाचा रंग कळत नव्हता, नुसता गंजाचा गोळा. तारेच्या ब्रशने घासून कडा वर काढल्या, गंज सोडवणारं तेल मारलं, अर्धा तास थांबलो. मग फ्लेअर नट पाना लावला. हा पाना रिंग पान्यासारखाच, फक्त पाइप आत सरकण्यापुरती एका बाजूने फट ठेवलेला. साधा फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो आणि ब्रेक पाइपच्या नटाचं लोखंड मऊ असतं. फिक्स पाना लावून कडा गोल केलेले नट मी इतके पाहिलेत की त्या पान्याला ब्रेकच्या कामात हातच लावायचा नाही असा माझा नियम आहे.

जोर लावला, हलला नाही. नटाच्या सहाही बाजूंवर छोट्या हातोडीने हलके टोले मारले. मग आधी आवळायच्या दिशेने किंचित दाबलं, कारण गंजाची पकड कधीकधी उलट्या दिशेने आधी तुटते. पुन्हा सोडायच्या दिशेने. एक बारीक 'कट्' असा आवाज आला आणि नट फिरला.

त्या आवाजाचा आनंद ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल. तो टिकला साधारण दोन सेकंद. नट पाव फेरा फिरला होता आणि त्याच्याबरोबर पाइपही फिरला होता. ड्रमच्या मागे पाइपला सुतळीसारखा पीळ पडला होता.

इथे थांबून नटाच्या आत काय असतं ते बघू, कारण माझ्यासकट बहुतेकांची चूक इथेच होते. नट जाम झाला की आपण समजतो आटे धरले. म्हणून तेल मारतो ते आट्यांवर, नट जिथे सिलिंडरमध्ये शिरतो तिथे. पण हा नट पोकळ असतो आणि त्याच्या पोटातून पाइप जातो. पाइप आणि नट यांच्यात केसाएवढी फट असते, ती मागच्या बाजूने उघडी. चिखल, पाणी, मिठाचा अंश त्या फटीत जाऊन बसतो आणि तिथून बाहेर निघायला त्याला वाट नसते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. एवढ्याशा फटीत तो फुगला की नट आणि पाइप एकजीव होतात. आटे कदाचित ठीकच असतात! सोडताना आटे सुटतात, पण पाइपपासून नट सुटत नाही, आणि ०.७ मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा तो पाइप बिचारा पिळला जातो. तेव्हा तेल मारायची खरी जागा नटाच्या मागे, पाइपच्या अंगाला. ते मी केलं, पण पीळ पडल्यानंतर.

मग तासभर नट मागेपुढे, मागेपुढे. आटे थोडे सुटत होते, पाइप तेवढाच पिळत होता. शेवटी पाना घसरला आणि नटाच्या दोन कडा गेल्या. व्हाइस ग्रिप, म्हणजे जखडून धरणारी पकड, लावला, त्याने उरलेल्या कडांची वाट लावली.

बत्तीचा मोह

यानंतरचा ठरलेला मार्ग म्हणजे गॅसची बत्ती. उष्णतेने काम होतं यात शंका नाही. पोलाद दर अंश सेल्सिअसला मूळ लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश एवढं प्रसरण पावतं. १० मिलिमीटरचा नट २०० अंशांनी तापवला तर तो जेमतेम ०.०२४ मिलिमीटर वाढतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण नट आणि पाइप सारखे तापत नाहीत आणि त्या फरकाने गंजाचा थर तडकतो. मग तेल आत झिरपतं. सुटा भाग टेबलावर असेल तर मीही बत्तीच वापरीन.

गाडीवर बसलेल्या ब्रेक पाइपची गोष्ट वेगळी. आत ऑइल आहे. डॉट ३ जातीचं कोरडं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं, पण ही दोन्ही हवेतलं पाणी शोषतात आणि पाणी मुरलं की मानकातली किमान मर्यादाच १४० आणि १५५ वर येते. काकांच्या गाडीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालेलं. तापलेल्या पाइपमधून उकळतं ऑइल तोंडावर उडू शकतं, आणि ते पेटतंही. शेजारी होजचं रबर असतं. त्यातही सगळ्यांत वाईट म्हणजे, नट स्वच्छ करायला आधी फवारलेला ब्रेक क्लीनर जर क्लोरीनवाला असेल तर ज्योतीत त्याचा फॉस्जीन होतो. हा विषारी वायू पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला गेला होता. डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय क्लीनर मारलेल्या जागी बत्ती नेऊ नये.

हे सगळं माहीत असूनही माझा हात बत्तीकडे गेला होता. तासभर हरलेल्या माणसाचा हात असाच कुठेतरी जातो.

काका स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "अरे, एक विचारू? तो सिलिंडर तू टाकणार आहेस ना?"

"हो काका, नवा आणलाय."

"आणि हा पाइप? हा तर आता पिळला."

"पाइपही बदलावा लागेल आता."

"मग टाकायच्या दोन वस्तू एकमेकींपासून वेगळ्या करायला तू एवढा जीव का काढतोयस?"

मी पाना खाली ठेवला. उत्तर नव्हतं. नट सोडायचा होता तो पाइप वाचवायला. पाइप पिळला त्या क्षणी नट सोडायचं कारणच संपलं होतं, आणि तरी मी पुढचा तासभर त्या नटाशी झुंजत होतो, कारण तो सुटत नव्हता म्हणून. पाइप मध्येच कापला. सिलिंडरचे दोन बोल्ट काढले. नट आणि पाइपचा तुकडा अडकलेला असतानाच सिलिंडर बाहेर आला. दहा मिनिटं लागली.

कुठला जोड खरंच सोडायचा?

त्या रात्री कागदावर तिन्ही जोड पुन्हा मांडले. प्रत्येक जोडाला दोन बाजू असतात, आणि प्रत्येक बाजूला एकच प्रश्न: ही वस्तू जाणार की राहणार? दोन्ही जाणार असतील तर जोडाला हातही लावायचा नाही. एक जाणार आणि एक राहणार असेल तर राहणारीला धक्का न लावता जाणारीवर सगळा जोर काढायचा. दोन्ही राहणार असतील तरच नाजूकपणे, पुरेसा वेळ देऊन नट सोडायचा.

पहिला जोड निकालात निघाला होता. दुसऱ्याकडे पाहिलं तर छोटा पाइप जाणार होता, होज राहणार होता. पण होजही २२ वर्षांचाच. वाकवून पाहिला तर रबरावर बारीक चिरा. असा होज आतून सुजून ऑइलची परतीची वाट अडवतो, मग ब्रेक सोडला तरी चाक जखडलेलं राहतं. तो असाही बदलायला हवा होता. म्हणजे दुसरा जोडही सोडायचा नाही.

उरला तिसरा. इथे होज जाणार, पण दुसऱ्या बाजूला तो लांब पाइप. तो बदलायचा तर टाकी उतरवावी लागली असती. तिथे पाइप कापून नवीन फ्लेअर, म्हणजे जोडात दाबून बसणारं पाइपचं फाकवलेलं तोंड, मारावा असंही मनात आलं, पण पट्टीपासून चार बोटांवर पाइप क्लिपमध्ये शिरत होता. टूल बसायला जागा नाही, आणि जुन्या लोखंडी पाइपला नवा फ्लेअर मारताना तो चिरतो. पहिल्या जोडाशी मी जसा वागलो तसा इथे वागलो असतो तर काम दोन दिवसांवरून आठवड्यावर गेलं असतं.

आणि याच जोडाला टाकी वीतभर अंतरावर. म्हणजे बत्तीचा विचारही करायचा नाही. ज्यांच्याकडे ज्योतीविना तापवणारं इंडक्शन यंत्र आहे त्यांनीही पेट्रोलच्या टाकीशेजारी ते काढू नये असं माझं मत.

तिसरा जोड

सकाळी गाडीखाली शिरलो. जॅक काढून घेतला होता, गाडी स्टँडवर, पुढच्या चाकांना अडसर. हे लिहायचं कारण एवढंच की जोर लावून पाना ओढताना गाडी हलते, आणि ती हलते तेव्हा आपण तिच्या खाली असतो.

आधी नट आणि त्यामागचा पाइप ब्रशने घासला. मग तेल. या वेळी नटाच्या मागच्या बाजूने, पाइपच्या कडेने, थेंब थेंब. दर अर्ध्या तासाला पुन्हा, मध्ये हलके टोले. हे सगळं दुपारपर्यंत. तेल झिरपायला जे हवं ते म्हणजे वेळ, आणि तो आपल्याजवळ नाही असं आपल्याला नेहमी वाटतं.

दरम्यान ऑइल गळून मास्टर सिलिंडर रिकामा होऊ नये म्हणून एक जुनी युक्ती केली. ब्रेकचा पेडल दोन-तीन बोटं दाबून, सीट आणि पेडल यांच्यात काठी अडकवून तसाच ठेवला. मास्टर सिलिंडरमधला पिस्टन तेवढा पुढे सरकला की ब्रेक ऑइलच्या टाकीतून खाली येणारं छिद्र रबराने झाकलं जातं आणि पाइप उघडला तरी ती टाकी रिकामी होत नाही. बॅटरीची तार मात्र काढा, नाहीतर ब्रेकचे दिवे दिवसभर जळत राहतात. मी विसरलो होतो. काकांनी सांगितलं.

मग मुख्य डाव. मी होजचं रबर सरळ कापलं. पट्टीतली क्लिप काढली आणि होजचं धातूचं टोक पट्टीतून मोकळं केलं. आता माझ्या हातात एका बाजूला लांब पाइपचा नट आणि दुसऱ्या बाजूला होजचं षटकोनी टोक. नटावर फ्लेअर नट पाना लावून तो घट्ट, अगदी स्थिर धरला. आणि होजचं टोक फिरवलं.

नट फिरवायचाच नाही, त्याच्यावर चढलेली वस्तू फिरवायची. नट आणि पाइप एकजीव झालेले असले तरी मग फरक पडत नाही, कारण दोघेही जागचे हलत नाहीत. पीळ पडायला पाइप फिरावा लागतो, तो फिरलाच नाही. रबर कापलेलं असल्यामुळे होजचं टोक हवं तितकं फिरू शकत होतं. त्यावर सहा कोनांचा रिंग पाना पूर्ण बसला, जो होज जोडलेला असताना कधीच बसला नसता. टोकाच्या कडा गेल्या असत्या तरी हरकत नव्हती, ते भंगारातच जाणार होतं. दोन्ही पाने एकमेकांजवळ, मुठीत आवळता येतील असे. हात लांब करून ओढलं की पट्टी वाकते, मूठ आवळली की जोर फक्त जोडावर पडतो.

पहिल्या दोन प्रयत्नांत काही नाही. थोडं आवळून, मग सोडून, तिसऱ्यांदा 'कट्' आवाज आला. या वेळी मी आधी पाइपकडे पाहिलं. तो होता तिथेच होता. होजचं टोक साडेचार फेऱ्यांत निघालं. आटे आतून चकचकीत, जसे बनवले त्या दिवशी असतील तसे. गंज फक्त नटाच्या पाठीत होता.

अर्थात काम संपलं नव्हतं. होज निघाला तरी नट पाइपला धरलेलाच होता. नवा होज त्याच युक्तीने, नट स्थिर धरून, चढवता आला असता. पण मग होजचं टोक पट्टीतल्या खाचेत बरोबर कोनात बसेल याची खात्री नाही, आणि पुढच्या वेळी काम करणाऱ्याला तोच त्रास. आता नटाच्या दोन्ही बाजू उघड्या होत्या, म्हणून पुढूनही तेल सोडता आलं. पाइपच्या तोंडात आधी रबरी बुच घातलं, कारण गंज सोडवणारं तेल खनिज जातीचं असतं आणि ते ब्रेकच्या रबरांना सुजवतं. एक चमचाभर आत गेलं तरी मास्टर सिलिंडरपासून सगळं रबर बदलायची पाळी येते. रात्रभर भिजू दिलं. दुसऱ्या दिवशी पाइपचा सरळ भाग लाकडाच्या दोन खाच केलेल्या तुकड्यांत धरला आणि नट एक-दोन अंश इकडे, एक-दोन अंश तिकडे. लालसर चिखल बाहेर यायला लागला. वीस मिनिटांनी नट पाइपवर मोकळा फिरला.

नट मागे सरकवून त्याखालचा पाइप बारीक एमरी पेपरने पुसला. इथे खड्डे दिसले असते तर सगळी मेहनत पाण्यात घालून टाकी उतरवली असती. जोरात ब्रेक मारला की या पाइपमध्ये १०० बारच्या आसपास दाब येऊ शकतो, आणि खड्डा पडलेला पाइप नेमका अशाच वेळी फुटतो. नखाला काही लागलं नाही, फक्त वरचा मुलामा उडालेला. फ्लेअरचं तोंडही गुळगुळीत होतं.

नवा पाइप

छोटा पाइप तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा केला. तो गंजत नाही आणि हाताने वाकतो. नुसतं तांबं या कामाला वापरू नये, ते सततच्या थरथरीने कडक होऊन तडकतं. जुन्या पाइपचे दोन्ही तुकडे जमिनीवर जोडून ठेवले, त्यांच्यावरून दोरी फिरवून लांबी घेतली, फ्लेअरसाठी थोडी वाढवली. कापायला पाइप कटर, हॅकसॉ नाही. हॅकसॉचा कीस आत जातो आणि तोंड तिरपं होतं.

जुन्या पाइपच्या टोकाला दुहेरी फ्लेअर होता, म्हणजे तोंड बाहेर फाकवून पुन्हा आत दुमडलेलं. काही गाड्यांत याऐवजी फुग्यासारखं गोल तोंड असतं. दोन्ही दिसायला जवळचे, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. आवळला जातो, काही दिवस धरतोही, मग पाझरतो. या जोडात ऑइल अडवतं ते फ्लेअरचं तोंड. आटे फक्त त्याला दाबून धरतात. म्हणून आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणं व्यर्थ आहे, आणि तिचा तुकडा आत गेला तर धोकादायक. आणि कापलेला पाइप नळाच्या कामातल्या कॉम्प्रेशन जोडाने सांधणं हा तर गुन्हा समजावा.

पहिला फ्लेअर उत्कृष्ट झाला. नट आधी पाइपमध्ये सरकवायला विसरलो होतो. टोक कापून पुन्हा.

जोडताना प्रत्येक नट आधी बोटांनी तीन-चार फेरे. पाना लावायच्या आधी आटे बोटाने चालले नाहीत तर तिरपे लागलेत असं समजायचं. शेवटचा आवळ या मापाच्या नटांना साधारण १२ ते १८ न्यूटन-मीटर, गाडीच्या पुस्तकात असेल तो आकडा धरावा. लोकांना वाटतं त्यापेक्षा हा जोर बराच कमी आहे. नटाच्या पाठीमागे, पाइपच्या अंगाला, रबराला चालणारं लाल ग्रीस बोटभर लावलं. फट भरलेली असली की पाणी शिरत नाही.

हवा काढणं

या गाडीत ब्रेकचे दोन सर्किट तिरपे आहेत, मागचं डावं चाक पुढच्या उजव्याबरोबर. म्हणून पाइप उघडल्यावर आत शिरलेली हवा त्या दोन्ही चाकांतून काढली, लांबचं मागचं आधी. काका पेडलवर, मी निपलपाशी, म्हणजे चाकाजवळच्या हवा सोडायच्या स्क्रूपाशी.

"दाबा काका... धरून ठेवा... आता सोडा."

"अरे, किती वेळा?"

"बुडबुडे थांबेपर्यंत."

पेडलच्या खाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जितका जातो त्याच्या पुढचा भाग गंजलेला किंवा मळलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत गेला की रबर त्या भागावर घासून फाटतं, आणि मग सगळं नीट झालेलं असताना पेडल हळूहळू खाली बसायला लागतो. लोक नव्या पाइपला दोष देत बसतात.

पुढच्या उजव्या कॅलिपरचं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं, निपलही जाम होतं. ते पोकळ असतं आणि पिळलं की मधूनच मोडतं. त्याच्या छिद्रात घट्ट बसेल अशा मापाच्या ड्रिलची गुळगुळीत दांडी घातली, म्हणजे भिंतीला आतून आधार मिळाला. मग सहा कोनांचा सॉकेट, टोले, आणि ते निघालं. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुतलं, ते रंग खातं.

तपासणी अशी. इंजिन चालू, पेडलवर काकांचा पूर्ण जोर, दोन मिनिटं. मी तिन्ही जोडांवर कोरडा टिश्यू फिरवला. तिसऱ्या जोडावर बारीक डाग आला. पुसून पुन्हा दाब, पुन्हा डाग. नट अगदी थोडा आणखी आवळला, डाग थांबला. जुन्या फ्लेअरला नव्या होजच्या तोंडाशी जुळायला एवढं लागतं. तरीही तेवढ्यावर विसंबलो नाही. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात दहा-बारा वेळा ब्रेक मारून परत आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टिश्यू फिरवला. कोरडा.

मागच्या उजव्या बाजूचा सिलिंडर कोरडा होता, शू तेवढे बदलले, पाइपला हात लावला नाही. पण त्याच्या नटाच्या पाठीतही तोच लाल गंज आहे. तिथला होजही त्याच वयाचा, तो लवकरच बदलायचा आहे. काकांनी वहीत ब्रेक ऑइलच्या पातळीच्या नोंदी सुरू केल्या आहेत. दोन महिन्यांत रेघ जागची हललेली नाही. त्याखाली त्यांनी उजव्या बाजूसाठी दोन ओळी लिहिल्या आहेत: "आधी कापायचं काय ते ठरवणे. बॅटरीची तार काढणे."